ओस्लोची बारा मिनिटं

ड्रमगार्व्ही, फाईफ
दि. ६ फेब्रुवारी २००६

ती. एफीवन्स यांस,
नेट्टाचा सा. न. वि. वि.

नाताळानंतर पत्र नाही म्हणून तुम्ही रागावला असाल, आणि रागावलात की तुम्ही कशा दिसता हे मला इथूनही दिसतं. पण आज अशी बातमी आहे की राग विसरायलाच लागेल. तुमच्या भावाला टोपी मिळतेय! देशाकडून फुटबॉल खेळल्याची, निळ्या मखमलीची, सोनेरी गोंड्याची. पस्तीस वर्षांनी.

त्या काळचा तो नियम तुम्हांला आठवतच असेल. इंग्लंड, वेल्स, आयर्लंड या शेजाऱ्यांशी खेळलात तर टोपी. बाकीच्या जगाशी खेळलात तर नुसते आभार आणि घरी जा. वॉटी देशाकडून खेळला तो एकच सामना, तोही ओस्लोला, म्हणून बिचारा बोडकाच राहिला. आता फुटबॉल मंडळाला उपरती झालीय. असे जे जे राहून गेले त्या सगळ्यांना टोप्या द्यायच्या ठरवल्यात. आपल्यासाठी एक साहेब स्वतः टोपी घेऊन येणार आहे, १८ मार्चला, गावच्या हॉलमध्ये. बँड तर आत्तापासून सरावाला बसलाय. खाटिकाने मला सॉसेज फुकट दिले. फुकट, वन्स! त्याच्या बापाने मेल्यावरसुद्धा कुणाला हाड फुकट दिलं नसतं.

पण एक गोष्ट मला उमगत नाहीये. पत्र वाचलं तेव्हा वॉटी पांढराफटक पडला. मला वाटलं, हृदयाचं काही झालं. घडी घालून पत्र घड्याळामागे ठेवलं आणि परसात कबुतरांकडे निघून गेला. आज चौथा दिवस आहे. खिमा-बटाटे तसेच टाकतो, विचारलं तर म्हणतो दात दुखतोय. चारशे बारा सामने खेळलेला माणूस, रोव्हर्स क्लबची भिंत म्हणायचे त्याला, नंतर वीस वर्षं शाळेची बस चालवली तरी एका पोराची वर मान करायची हिंमत नव्हती. आणि एका टोपीने असा कोसळलाय. आनंदानं होतं का हो असं कुणाचं?

तुम्ही यायलाच हवं. तुमच्या बाबांच्या जागी तुम्हीच. आणि त्याला चार शब्द लिहा. माझं तो ऐकत नाही, तुमचं न ऐकण्याची त्याची छाती नाही.

लोभ तर तुमच्याकडे भरपूर आहे, थोडा बोटीने पाठवा.
तुमची,
नेट्टा

---

स्ट्रॉमनेस, ऑर्कनी
दि. ११ फेब्रुवारी २००६

चि. वॉटी यास,
एफीताईचे अनेक आशीर्वाद.

अरे गाढवा, टोपी मिळतेय आणि दात कसले दुखवतोस? नेट्टाचं पत्र वाचून मी पोस्टमनला घरात बोलावून चहा पाजला. मला नको असलेल्या माणसाला मी चहा पाजला, यावरून समज.

बोटीचं तिकीट काढलंय. नवा कोट घेतलाय, गडद निळा, म्हणजे फोटोत तुझ्या टोपीला शोभेल. या वयात मी कोट घेते म्हणजे प्रसंग तसाच हवा.

काल रात्रभर बाबाच डोळ्यांसमोर होते. तुला आठवतं का रे, ओस्लोहून तू आलास तेव्हा आम्ही त्यांना खुर्चीसकट स्टेशनवर उचलून नेलं होतं? खाणीतली धूळ छातीत इतकी साचलेली की दोन शब्दांत एक श्वास. डॉक्टर म्हणाले होते, बाहेर काढू नका. बाबा म्हणाले, माझा वॉटी देशाकडून खेळून येतोय, मी घरात मरू काय? बँड वाजत होता, तू डब्यातून उतरलास आणि बाबा उभे राहिले. कुणाचा हात न धरता. त्यानंतर एकोणीस दिवस जगले ते सामन्याची बातमी छापलेल्या त्या कात्रणावरच. तू आम्हांला काय दिलंस ते तुला कधी कळलंच नाही.

माझा ड्यूगी हवा होता. जाऊन चार वर्षं होतील आता. राखीव म्हणून दोघं ओस्लोला गेलात, तू खेळून आलास आणि तो बाकावर बसून. मी त्याला आयुष्यभर त्यावरून छळलं. टीव्हीवर सामना असला आणि तो काही बोलला की मी म्हणायची, तू गप्प बस, तुला काय कळतंय, माझ्या भावाला विचार, तो खेळलाय. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला भरल्या पंगतीत सांगितलं की भाऊ रणांगणात होता आणि नवरा त्याचं जाकीट सांभाळत होता. किती हसला होता! मनाला लावून घेणारा नव्हताच तो.

तर १८ तारखेला नीट दाढी करून स्टेजवर उभा राहा. नाही राहिलास तर कानाला धरून उभा करीन, टोपीसकट.

माया कमी करायची मला सवय नाही, म्हणून वाढवत नाही.
तुझी,
एफीताई

---

ड्रमगार्व्ही
दि. १७ फेब्रुवारी २००६

ती. एफीताईस,
सा. न.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. मला लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून सरळच लिहितो. बसून वाच.

ओस्लोला मी खेळलो नाही. ड्यूगी खेळला.

माझ्या अंगावर चौदा नंबरची जर्सी होती, त्याच्या अंगावर पंधरा. पाऊस पडत होता. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला आपल्या एका बचावपटूचा पाय मोडला आणि मॅनेजर ओरडला, चौदा, ऊठ. मी उठलो नाही. मला उठता आलं नाही, ताई. बाकामागे जाऊन मी मघाच दोनदा ओकलो होतो. रोव्हर्ससाठी मी कधी कुणाला भ्यालो नाही, पण त्या दिवशी त्या मैदानाकडे बघवेना. मॅनेजर दुसऱ्यांदा ओरडला तेव्हा ड्यूगीने माझी जर्सी माझ्या डोक्यावरून उपसून काढली, आपल्या अंगात घातली आणि पळाला. रेफ्रीच्या हातातल्या कागदावर चौदा होतं, आत गेला तोही चौदा. मॅनेजरला कोण गेलं याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, माणूस हवा होता.

सामना संपल्यावर तो आत आला आणि जर्सी माझ्याकडे फेकली. पेपरचा बातमीदार वर छपराखाली बसला होता. त्याने यादी बघून लिहिलं, चौदा नंबर, इम्री, शेवटची बारा मिनिटं किल्ल्यासारखा उभा होता. दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. संघातल्या बाकीच्यांना ठाऊक होतं, पण ते मोठ्या क्लबांचे. आम्ही दोन खेडवळ, आम्हांला नावाने कोण ओळखत होतं? ते हसले आणि विसरले. मॅनेजर म्हणाला, मी मंडळाला लिहून दुरुस्त करून घेतो. मीही हो म्हणालो. देवाशपथ सांगतो, तेव्हा मी हो म्हणालो होतो.

मग गाडी ड्रमगार्व्हीला शिरली आणि खिडकीतून बँड दिसला, आणि खुर्चीवर बाबा. माझा हात दारावर होता. ड्यूगीने मागून दंड धरला आणि म्हणाला, गप उतर, म्हातारा बघतोय. मी उतरलो. पुढचं तू पाहिलंसच. त्याच संध्याकाळी त्याने मॅनेजरला फोन करून पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले की पत्र लिहू नका, याचा बाप चार दिवसांचा सोबती आहे.

बाबा गेल्यावर मी ड्यूगीकडे गेलो. म्हणालो, आता सांगतो. तो म्हणाला, एफी ते कात्रण उशाशी घेऊन झोपते, लग्न होऊ दे. लग्न झालं. मग म्हणाला, तिला दिवस गेलेत, आत्ता नको. मग पुढच्या हंगामात त्याचा गुडघाच गेला आणि तुम्ही तिकडे उत्तरेला धक्क्यावरच्या नोकरीसाठी निघून गेलात. त्यानंतर मी विचारणं सोडलं. त्याने नको म्हणणं मला सोयीचं होतं, हे खरं. त्याचं नाव देशासाठी पुन्हा कधीच निघालं नाही. त्याची ती बारा मिनिटंच होती आणि ती माझ्या नावावर आहेत.

टोपी मी डोक्यावर घेऊ शकत नाही. पण सगळ्यांसमोर खरं सांगितलं तर बाबांचं ते उभं राहणं खोट्यावरचं होतं असं होतं, आणि ते तुझंही आहे. म्हणून तुला विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही. सांग, काय करू?

लोभ मागायचा मला हक्क नाही.
वॉटी

---

स्ट्रॉमनेस
दि. २३ फेब्रुवारी २००६

सौ. नेट्टास,
अ. आ.

त्याला लिहायचं नाही म्हणून तुला लिहितेय. तुला माहीत होतं का? एवढंच आधी सांग. तू त्या घरात बत्तीस वर्षं आहेस.

मी पत्र वाचलं आणि पुन्हा पाकिटात घातलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं. चुलीवर सूप होतं ते करपलं. धूर झाल्यावर कळलं.

मग माळ्यावरून ड्यूगीची पेटी काढली. पार उपसली. एक बूट नाही, बिल्ला नाही, तिकिटाचा तुकडासुद्धा नाही. रोव्हर्सचा एक फोटो, बाकी सगळी धक्क्यावरची कागदपत्रं आणि माझी पत्रं. त्याने स्वतःसाठीसुद्धा काही ठेवलं नाही गं. मी एकतीस वर्षं त्या माणसाच्या उशाला उशी लावून झोपले. देशाकडून खेळलेला माणूस माझ्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता, आणि मी त्याला सांगत होते की तुला काय कळतंय.

त्या पंगतीत मी बोलले तेव्हा सगळे हसले. तोही हसला. नेट्टा, तो हसला आणि उठून किटली भरायला गेला. मला आता ती किटलीच दिसते. त्याने एकदा, फक्त एकदा, चिडून खरं ओकून टाकलं असतं तर मी काय त्याला सोडून गेले असते? माझ्या बापाचं सुख राखायला त्याने मला अशी उद्धट बाई होऊ दिली.

तिकीट परत केलं. कोटही दुकानात परत केला. वॉटीला म्हणावं, तुला पस्तीस वर्षं माझा सल्ला लागला नाही, आता कशाला हवा? काय करायचं ते कर. मी त्याचं तोंड बघणार नाही.

तुला आशीर्वाद आहेत. त्याच्या वाटचे नाहीत.
एफी

---

ड्रमगार्व्ही
दि. १९ मार्च २००६

ती. एफीवन्स यांस,
सा. न. वि. वि.

मला माहीत नव्हतं. माझ्या मुलांची शपथ. मीही बत्तीस वर्षं देशाच्या खेळाडूची बायको म्हणून मिरवले, आता फुकटचे सॉसेजही खाल्ले. तुमचं पत्र त्याच्यासमोर टाकलं तेव्हा त्याने मला सगळं सांगितलं, आणि मी दोन आठवडे पाहुण्यांच्या खोलीत झोपले. म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. काय लिहू?

काल हॉल गच्च भरला होता. उभं राहायला जागा नाही. मंडळाचा साहेब आला, तरुण आहे, केस चापून बसवलेले. त्याने टोपी पेटीतून काढली आणि वॉटीला पुढे बोलावलं. वॉटी पुढे गेला, पण टोपी घेतली नाही. दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहिला, शाळेत छडी खायला उभा असल्यासारखा, आणि सगळं बोलला. ओकलो ते, जर्सी काढली ते, स्टेशन, बाबा, सगळं. ड्यूगल्ड पेनमन हे पूर्ण नाव त्याने तीनदा घेतलं. मी भिंतीकडे बघत होते. साहेब टोपी धरून कधी वॉटीकडे, कधी लोकांकडे बघत होता.

मग बँडचा म्हातारा टॉमस गिब उठला. चौऱ्याऐंशीचा आहे, तुम्हांला आठवत असेल, स्टेशनवर कॉर्नेट वाजवणारा. काठी टेकत उठला आणि म्हणाला, अरे लेका, आम्हांला ठाऊक आहे ते.

मला वाटलं म्हातारा भ्रमलाय. पण तो बोलतच राहिला. त्याचा मेहुणा कोळशाच्या बोटीवर होता, त्या दिवशी बोट ओस्लोला लागलेली, तो सामना बघायला गेला होता. ड्यूगीला तो शाळेपासून ओळखायचा. बोट महिन्याने परत आली, तोवर तुमचे बाबा मातीआड झाले होते. त्याने दारूच्या गुत्त्यात सांगितलं, मग बँडला कळलं, मग सगळ्यांना. त्या रात्री ठरलं म्हणे की इम्री म्हाताऱ्याची माती अजून ओली आहे, वॉटी स्वतः सांगेल तेव्हा सांगेल, तोवर कुणी तोंड उघडायचं नाही. आणि कुणी उघडलं नाही. टॉमस म्हणाला, आम्ही वाट बघत होतो रे, पण पस्तीस वर्षं? चेंडूवर जायलासुद्धा तू असाच उशीर करायचास.

लोक हसले, पण हसता हसता रडणारे होते. वॉटी मात्र हसला नाही. मटकन खाली बसला. ज्यांच्यापासून लपवलं त्यांनीच लपवून ठेवलं होतं हे त्याला झेपलंच नाही. अजून झेपलेलं नाही. मलाही नाही. खाटिकसुद्धा, वन्स! त्याला माहीत असूनही त्याने सॉसेज दिले.

साहेब टोपी पेटीत घालून परत घेऊन गेला. म्हणाला, चौकशी होईल, रेकॉर्ड बघावं लागेल. दारापर्यंत गेला आणि वळून मला विचारलं, पेनमनचं मागे कुणी आहे का? मी तुमचं नाव आणि पत्ता दिला. चुकलं असेल तर रागवा.

लोभाचा विचार तुम्हीच करा, मी तुमच्या दाराशी उभी आहे.
नेट्टा

---

स्ट्रॉमनेस
दि. २७ मार्च २००६

वॉटी यास,

आशीर्वाद लिहायला हात अजून होत नाही. पण लिहितेय.

नेट्टाने सगळं कळवलं. म्हणजे दुकानात मी तुझी बढाई मारायची तेव्हा त्या सगळ्या बाया मान डोलवत होत्या आणि त्यांना ठाऊक होतं. मी सुट्टीत यायची तेव्हाही. अख्ख्या गावात मीच एक आंधळी. याची लाज वाटावी की गावाच्या पाया पडावं, ते मला अजून कळलेलं नाही.

टोपी येवो न येवो. मखमलीचं मी काय करू? पण एक मागते आणि ते तुला द्यायलाच लागेल.

मी त्याचे रोव्हर्सचे सामने पाहिले. चिखल, शिव्या आणि पाय. पण देशासाठी खेळताना तो कसा होता ते मी पाहिलं नाही, आणि विचारायला आता तो नाही. मॅनेजर गेला. टॉमसचा मेहुणा गेला. आपल्यांतला एकच माणूस उरलाय ज्याने ते पाहिलं. तू तिथे होतास. बाकावर बसून का होईना, तू बघत होतास. मग सांग. बारा मिनिटं. मला तुझी माफी नको, रडगाणं नको. त्याने काय केलं ते लिही, आणि त्याला चांगलं दाखवण्यासाठी एक अक्षर वाढवलंस तर मला कळेल.

एफी

---

ड्रमगार्व्ही
दि. २ एप्रिल २००६

ती. एफीताईस,
सा. न.

मला सगळं आठवतं. इतकी वर्षं कुणाला सांगता आलं नाही म्हणून असेल, काल पाहिल्यासारखं आठवतं.

आत गेल्या गेल्या तो घसरून आपटला. पहिला चेंडू त्याच्या नडगीला लागून बाहेर गेला. प्रेक्षक हसले. मग त्याने बुटांतला चिखल काढला, आणि एक पाय पुढे टाकून उभा राहिला, तुला ठाऊक आहे तसा. आपण एक गोलने पुढे होतो. त्यांच्याकडे एक उंच पोरगा होता, घोड्यासारखा धावायचा. तो दोनदा आला, ड्यूगीने दोनदा चेंडू काढून घेतला. तिसऱ्यांदा चेंडू गेला आणि पोरगाही गेला, तेव्हा ड्यूगीने शर्ट धरून पाडलं. ती चूकच होती, रेफ्रीने ताकीद दिली.

पाच कॉर्नर लागोपाठ आले. चार त्याने डोक्याने काढले. पाचवा त्याच्या तोंडावर बसला आणि नाकातून रक्त आलं. गोलकीपर त्याला शिव्या देत होता आणि तो गोलकीपरला. एकदा चेंडू रेषेवर होता, गोलकीपर पडलेला, आणि ड्यूगी पालथा पडून पोटाखाली चेंडू घेऊन राहिला. चार जण लाथा घालत होते. हललाच नाही.

मला इतकी वर्षं वाटत होतं की ती बारा मिनिटं त्याने माझ्यासाठी सोसली. तुला लिहायला बसलो आणि लक्षात आलं की तसं नव्हतं. शेवटच्या मिनिटाला चेंडू त्याच्या पायांशी आला. मारून बाहेर घालवायचा, की संपलं. मॅनेजर ओरडत होता, घालव. त्याने घालवला नाही. घेऊन पळत सुटला. आमच्यासारखे बचावपटू मधली रेषा ओलांडायचे नाहीत, सहा हंगामांत मी त्याला कधी तसं करताना पाहिलं नव्हतं. एकाला चुकवलं, दुसऱ्याच्या पायांमधून काढला, कसं ते त्यालाही कळलं नसेल. मॅनेजर टोपी आपटत होता. तीस हातांवरून त्याने असा हाणला की चेंडू गोलवरून, छपरावरून, स्टेडियमच्या बाहेर रस्त्यावर गेला. तिकडे ट्रामची घंटा वाजलेली ऐकू आली.

आणि ताई, तो हसत होता. नाकातून रक्त, तोंडभर चिखल, आणि मान मागे टाकून हसत होता. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही, त्याला तेव्हा कुणाचीच आठवण नव्हती. इतका खूष माणूस मी त्यानंतर एकदाच पाहिला. तेव्हा तो तुझ्या शेजारी चर्चच्या पायऱ्या उतरत होता.

एक अक्षरही वाढवलेलं नाही.

तुझाच,
वॉटी